पांढरीची कड

आमच्याकडे जमिनीचे दोनच रंग. शेत ती काळी, गाव ती पांढरी. काळीत पेरायचं आणि पांढरीत राहायचं, हे इतकं ठरलेलं आहे की कुणी कुणाला ते सांगत बसत नाही. मी अंबाजोगाईला इंजिनिअरिंगच्या पोरांना मातीचा विषय शिकवते, आणि पांढरीवर आले की पहिल्यांदा हेच सांगते की ही माती नव्हेच, ही पडलेली घरं आहेत. एक घर पडलं, त्याच्यावर दुसरं बांधलं, तेही पडलं, त्याच्यावर तिसरं. चुलीची राख, शेण, खापऱ्या, गुरांची हाडं, सगळं त्यात मुरलं आणि गाव हळूहळू टेकाडावर चढत गेलं. पोरं हे वहीत उतरवून घेतात. त्यातली निम्मी स्वतः पांढरीवरच जन्मलेली असतात, पण वर्गात आलं की सगळं परक्या मुलखातलं वाटतं त्यांना.

माझं माहेर तलवाड्याच्या पुढे, असल्याच एका टेकाडाच्या कडेला. घराच्या मागच्या भिंतीपासून चार पावलांवर पांढरी एकदम तुटते आणि खाली पुरुषभर उंचीची उघडी कड दिसते. आईवडील गेल्यावर घरात थोरला भाऊ आणि वहिनी राहत. दोघं दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येत. त्यांची लेक लग्न होऊन पाटोद्याला गेलेली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. दादा आणि वहिनी म्हणजे एक कोयता, आणि लई चांगला कोयता, असं मुकादमही म्हणायचा. वहिनी त्यावर म्हणायची, "कोयता मीच हाय, ह्यो नुसता दांडा."

घर माळवदाचं. दगडमातीच्या भिंती, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि सगळ्यात वर हातभर पांढरी माती. पावसानं ती दरसाल थोडी वाहून जाते, भेगा पडतात, म्हणून वैशाखात नवीन माती टाकायची. ही नवीन माती आणायची कुठून? तर मागच्या कडेतून. जवळ, मऊ, पाटी डोक्यावर घेतली की दहा पावलांत शिडी. कडेला घरं असलेले सगळेच आपापल्या मागून खणत. एका साली खणलेली कपार पावसाळ्यात ढासळायची, पुढच्या साली तिथलीच माती आयती मिळायची. भिंतीच्या पायाखालची माती काढायची आणि तीच भिंतीच्या डोक्यावर नेऊन ठेवायची, असं आमचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. घर दरसाल वरून जड होत होतं आणि खालून रिकामं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण वडील तसंच करत आणि वडिलांचे वडीलही. ऊसतोडीहून आल्यावर अंगावरची धूळ झटकायच्या आत दादा कुदळ घेऊन मागं जायचा. वहिनी वर चढून लाकडी चोपण्यानं ती माती चोपायची आणि वरूनच गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. तिथून सगळ्यांची अंगणं दिसत ना.

एका वर्षी मी कॉलेजातली पोरं घेऊन गावी गेले होते. खरं कारण प्रात्यक्षिक, आणि त्याहून खरं कारण वहिनीच्या हातचं पिठलं. आमची पद्धत साधी असते. जमिनीत ओळीनं छोटे सेन्सर खोचायचे, आम्ही त्यांना कान म्हणतो. एका टोकाला लोखंडी प्लेट ठेवायची आणि तिच्यावर घण घालायचा. ठोक्याची लहर मातीतून पळते, कान ऐकतात, ती किती वेगानं पळाली ते लॅपटॉपवर दिसतं. घट्ट मातीतून लहर भरभर जाते, सैल मातीतून रखडत. त्या दिवशी आम्ही दोन ओळी टाकल्या. एक आमच्या घरामागं कडेलगत आणि दुसरी शेजारच्या चाचांच्या घरामागं. चाचांचं गेवराईला वेल्डिंगचं दुकान. घरावर पत्रे, त्यामुळे त्यांना मातीची गरजच पडली नव्हती आणि त्यांच्या मागची कड कुणी खणलेली नव्हती. आमची प्लेटही त्यांनीच कापून दिलेली. दोन्ही ओळींत थोडा फरक आला, पण पोरांना शिकवायला पुरेल एवढाच. मी "घण घालताना कुणी चालू नका" म्हणून ओरडत होते आणि वहिनी चहाची किटली घेऊन थेट ओळीतून चालत आली. मी चिडले. ती म्हणाली, "आगं, माझ्या चालण्यानं काय भूकंप व्हतोय व्हय?"

भूकंप झाला तो पुढच्या श्रावणात. मोठा म्हणावा असा नव्हे. पेपरात चार ओळी आल्या, त्यातल्या दोन घाबरू नये म्हणून सांगणाऱ्या. अंबाजोगाईत आमच्या घरी भांडी वाजली आणि थांबली. मला उठून भूकंपाची नोंद बघायची घाई झाली. तेवढ्यात चाचांचा फोन आला. ते नुसतं "बाई, आ जाव" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

सकाळची वेळ. दादा गोठ्यात म्हशीचं दूध काढत होता, वहिनी आत भाकरी टाकत होती. श्रावणभर पाऊस लागलेला. माळवद पाणी पिऊन बसलेलं, खालची कडही भिजलेली. मागची भिंत कडेकडे सरकली, तुळया तिच्यामागून आल्या आणि वरची सगळी माती आत उतरली. गावानं हातांनी, घमेल्यांनी ती उपसली. वहिनीला बाहेर काढलं तेव्हा ती गेलेली होती. अंगावर जखम म्हणावी अशी नव्हती. तिला मातीनंच मारलं. हे वाक्य मी आज लिहिते आहे, पण ते मला तोंडानं कधी म्हणता आलेलं नाही.

सुतकात मी त्या दोन्ही ओळी पुन्हा टाकल्या. लोक मला काय म्हणाले ते मी ऐकलं आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मावळणीनं, म्हणजे आमच्या आत्यानं, तर तोंडावर विचारलं, "तुला काळीज हाय का न्हाई?" आता काळजाचं मावळणीला काय सांगणार? हादरल्यावर माती बदलते आणि मग लगेच सावरायलाही लागते. पहिल्या दिवसांतलं सावरणं हातचं गेलं तर ते पुन्हा मोजता येत नाही. पण खरं सांगायचं तर मी त्यासाठीही गेले नव्हते. मला त्या घरात हात रिकामे ठेवून बसणं झेपत नव्हतं. पोरं नव्हती, म्हणून घण चाचांनी घातला.

माती कशी वागते ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मातीला थोडं हलवलं की ती थोडी हलते आणि जागेवर येते. दुप्पट हलवलं की दुप्पट हलते. काही हद्दीपर्यंत हा हिशेब चोख चालतो. त्या हद्दीपुढं कण एकमेकांवरची पकड सोडतात, माती मऊ पडते, आणि मग जरा जास्त हलवलं की ती कितीतरी जास्त सरकते. हिशेब मोडतो. हादरा थांबल्यावर कण पुन्हा एकमेकांत बसू लागतात. आधी झपाट्यानं, मग हळू, मग त्याहून हळू. पहिल्या आठवड्यात जेवढी सावरते तेवढंच पुढचं सावरायला महिने लागतात, आणि त्यापुढचं तेवढंच सावरायला वर्षं. काही माती पूर्ववत होते. काही होत नाही. माणसाच्या दुःखाला या गोष्टीची उपमा देणारे लोक मला भेटतात आणि मला त्यांचा राग येतो. मातीला आपलं काय गेलं ते ठाऊक नसतं.

ओळी आवरत होते तेव्हा दादा पहिल्यांदा बोलला. कडेवर उभा राहून खाली त्या कपारीकडे बघत म्हणाला, "बाई, एक सांग. हे म्या खणल्यामुळं झालं का?"

मी म्हणाले, "आकडे बघायचेत अजून."

"बघ मंग. बघून सांग."

भेटायला येणारा प्रत्येक माणूस त्याला सांगत होता की तुझा काही दोष नाही. वहिनीचं दाणापाणी संपलं होतं, धरणीमायच्या मनात आलं, लेकीच्या नशिबात तेवढंच माहेर होतं. मावळण म्हणाली, "कावळा बसायला आन् फांदी मोडायला एकच गाठ. तू कावून मनाला लावून घेतूस?" दादानं मान खालीच ठेवली. म्हणाला, "आत्या, फांदी म्याच अर्धी कापून ठिवली व्हती." ती उठून गेली. त्यानंतरही जो आला तो तेच सांगत राहिला.

अंबाजोगाईला परतल्यावर मी आदल्या वर्षीच्या नोंदी उघडल्या. आधीचा वेग माहीत असल्याशिवाय पडझड किती झाली ते कळत नाही. घरामागच्या ओळीच्या एका नोंदीत मध्येच कचरा होता. ठोका नसताना उठलेले, ठरावीक अंतरानं येणारे बारीक ओरखडे, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे सरकत गेलेले. मला क्षणभर कळेना. मग कळलं. किटली घेऊन चालत आलेली वहिनी. तिची चाल तिथं होती, जड उजवा पाय आणि हलका डावा. असा कचरा आम्ही कापून टाकतो, तो ठेवला तर वेग चुकतो. मी खूप वेळ बसले. मग कापला, कारण दादानं उत्तर मागितलं होतं. मूळ नोंद आहे माझ्याजवळ, पण ती मी पुन्हा उघडलेली नाही.

दसरा आला. गावात ट्रॅक्टर लागले, बोचकी चढली, म्हशी ओळखीच्यांकडं बांधल्या गेल्या. मुकादम दादाकडं आला होता. दिलानं चांगला माणूस, पण तोंडातून निघून गेलं, "ये की, अर्धा कोयता म्हणून घेतो." एकट्या माणसाला अर्धा कोयताच म्हणतात, त्यात त्याला काही लागट बोलायचं नव्हतं. दादा ट्रॅक्टर जाईपर्यंत रस्त्यात उभा राहिला आणि मग शेतातल्या पत्र्याच्या शेडात जाऊन पडला. घर पडल्यापासून तो तिथंच राहत होता. एका वेळेला जेवायचा, तेही चाचांच्या घरून डबा गेला तर. लेकीनं पाटोद्याला नेलं, तिथून तो न सांगता परत आला. मी अंबाजोगाईला चल म्हणाले तर त्यानं विचारलं, "तिथं काय करू? तुझ्या पोरास्नी खणायला शिकवू?"

तेव्हा मी त्याला घण दिला. हिवाळाभर जमेल तशी मी गावी जायचे आणि त्याच दोन ओळी टाकायचे. दादा प्लेटवर घण घालायचा. मी हात वर केला की तो थांबायचा, खाली केला की मारायचा. मारायचा मात्र असा, की मातीतले कानच बधिर होत. "दादा, हळू. मातीला बोलतं करायचंय, मारायचं न्हाई." मग तो जरा नरमाईनं घ्यायचा. काम संपलं की शेजारी उकिडवा बसून लॅपटॉपकडं बघायचा. "सुदारली का?" सुरुवातीला दर खेपेला सुधारलेली दिसायची. त्या दिवशी तो दोन भाकऱ्या खायचा. पुढं वाढ कमी कमी होत गेली. मी समजावून सांगितलं की असंच असतं, आता हळूच सावरणार. तो म्हणाला, "आन् सगळी कवा?" मी म्हणाले, कदाचित सगळी नाहीच.

"आन् मी इचारलेलं?"

"अजून बघतेय."

बघायचं काहीच राहिलं नव्हतं. मला उत्तर पौषातच मिळालं होतं. हिवाळ्यात माती वाळते आणि वाळण्यानंही घट्ट होते, त्यामुळे वेग वाढला तो सावरण्यानं की वाळण्यानं हे एका ओळीवरून सांगता येत नाही. पण चाचांच्या मागची माती तीच, तोच हादरा, तोच पाऊस, तेच ऊन. ती न खणलेली कड जेमतेम मऊ पडली होती आणि तेवढीही भरून आली होती. आमच्या कडेचा वेग खूपच खाली गेला होता आणि वर येताना मध्येच अडकून राहिला होता. खणून खणून तिचा आधार काढून घेतलेला, तिला धरून ठेवायला समोर काही नव्हतं. हे मला स्वच्छ दिसत होतं. दादाला मात्र काय सांगणार होते? की तू बाकी जगाचं ऐक, जग बरोबर म्हणतंय? ते खोटं होतं. आणि खरं सांगितलं तर हा माणूस ते घेऊन त्या पत्र्याखाली एकटा निजणार होता. मला भीती होती की एक दिवस चाचांचा डबा परत येईल आणि पाठोपाठ चाचांचा फोन.

पाडवा झाला, टोळ्या परत आल्या. वैशाखात नेहमीप्रमाणे माळवदं दुरुस्त करायची गडबड सुरू झाली. हादऱ्यानं सगळ्यांच्याच छतांना भेगा पडलेल्या, म्हणून यंदा माती दुप्पट लागणार होती. लोक कुदळी घेऊन कडेला गेले आणि दादा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. खणू देईना. आधी लोकांनी समजूत काढली, मग हसले, मग चिडले. कुणीतरी म्हणालं, बायको गेली आन् डोस्कं गेलं. चाचांनी मला बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा मारुतीच्या देवळापुढं पंधरा-वीस माणसं जमली होती आणि दादा पायरीवर बसला होता.

एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा ह्याला. ह्याचं घर खणल्यानं न्हाई पडलं. ते नशिबाचं व्हतं. आसंच हाय ना?"

सगळे माझ्याकडं बघत होते, आणि त्या बघण्यात दादाविषयी दया होती. मी "हो" म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यांना दादाची खरोखर काळजी होती आणि त्यांना माती खरोखर हवी होती. दादा एकटाच माझ्याकडं बघत नव्हता.

मी म्हणाले, "न्हाई. खणल्यानंच पडलं. हादरा लहान होता. कड शाबूत असती तर भिंतीला भेग गेली असती, पडली नसती. वरची माती एवढी जड नसती तर वहिनी वाचलीही असती. तुमचीही घरं तशीच उभी आहेत. खणू नका आणि वर माती टाकू नका. पत्रे घाला, ताडपत्री घाला, काहीही घाला."

आवाज चढला होता माझा. मी वर्गात चिडते तशी चिडले होते, आणि कुणावर ते मला आजही नीट सांगता येणार नाही.  एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मग माणसं एक-एक करून उठली. कुदळी कुणी खांद्यावर टाकल्या नाहीत, हातातच धरून नेल्या. त्या वर्षी बऱ्याच जणांनी खणलं नाही. काहींनी खणलं.

पायरीवर आम्ही दोघंच राहिलो. मी त्याच्याजवळ बसले.  मला त्याची माफी मागायची होती, पण कशाची ते कळत नव्हतं. मी म्हणाले, "दादा, सगळ्यांच्या पुढं बोलले. बोलायला नको होतं."

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"साल होत आलं, बाई," तो म्हणाला. "जो येतो तो न्हाई म्हणतो. लेकबी न्हाई म्हणती, चाचाबी न्हाई म्हणत्यात. हो म्हणणारा मी एकलाच. लई एकलं पडलो व्हतो गं."

मग तो रडला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. भर दुपारी, देवळाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. मी त्याला गप्प केलं नाही.